डबा बंद, डोकं गरम!

शनिवार, रात्रीचे पावणेबारा. बायको चार तास एका दिवाणखान्याचं रेंडरिंग लावून बसलेली. ९१ टक्के... ९२ टक्के... मी मागे उभा राहून, स्वतःच्या हाताने जोडलेल्या मशीनकडे बापाच्या कौतुकाने बघतोय. आणि ९३ टक्क्यांवर स्क्रीन काळा. पुढच्या क्षणी मदरबोर्ड कंपनीचा लोगो असा झळकला, जणू काही झालंच नाही!

बायको ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. तिने शांतपणे फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या, कपाटातला सहा वर्षांचा जुना लॅपटॉप काढला आणि डायनिंग टेबलावर जाऊन बसली.

थोडा फ्लॅशबॅक. दोन महिन्यांपूर्वी तिने इंटिरियर फर्ममधली नोकरी सोडली. आता स्वतःचं काम. पहिला क्लायंट ठाण्यातला, टू बीएचके, आणि सोमवारी सकाळी त्याला थ्रीडी चित्रं दाखवायची होती. 'तयार मशीन घेऊ या, वॉरंटी एका जागी असते', असं ती म्हणत होती. 'छे! असेंबल करू. मी करतो. पंधरा हजार वाचतील', असं मी म्हणत होतो. ऑफिसात मी एक्सेलच्या शीट्स बनवतो, हा तपशील इथे महत्त्वाचा आहे.

तर एका रविवारी डोंबिवलीहून गाडी पकडली, दादरला बदलली, ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोड! पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदारापासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांसाठी लॅमिंग्टन रोडच. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्समुळे रॅमचे भाव भडकले, त्यानंतरची ही खरेदी. रॅमचा भाव ऐकून मी दोनदा 'किती?' विचारलं. पण मागे हटतोय कोण? कॅबिनेटचा खोका मांडीवर घेऊन परतलो.

जोडणी तीन तासांत झाली. बटण दाबलं. पंखे फिरले, लाइट लागले, स्क्रीन मात्र ढिम्म. बंद केलं, पुन्हा चालू केलं. असं तीनदा. मग नाइलाजाने ते केलं जे कुठलाही स्वाभिमानी पुरुष करत नाही: मॅन्युअल उघडलं. त्यात दोन गोष्टी कळल्या. पहिली, डीडीआर-५ रॅम पहिल्यांदा चालू होताना मदरबोर्ड तिची तालीम घेतो. तिला 'मेमरी ट्रेनिंग' म्हणतात आणि त्याला काही मिनिटंही लागू शकतात. म्हणजे मी दर वेळी तालीम अर्ध्यात मोडत होतो! दुसरी, मदरबोर्डवर चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. जो दिवा लागून राहतो, तिथे घोडं अडलंय.

पाच मिनिटं हाताची घडी घालून बसलो. रॅमचा दिवा विझला आणि ग्राफिक्सचा लागून राहिला. कार्ड काढलं, बसवलं, पुन्हा काढलं. शेवटी बायको मागून म्हणाली, "ही वायर वरच्या भोकात का आहे रे? खालच्या कार्डालाही तसंच भोक आहे." मॉनिटरची केबल मी मदरबोर्डला लावली होती. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असतं, त्यात ग्राफिक्स नसतंच. थोडा स्वस्त म्हणून मी तोच घेतला होता. म्हणजे ते वरचं भोक केवळ शोभेचं. मॅच सुरू होण्याआधीच मी हिटविकेट!

मग विंडोज ११. त्याला सेटअप पुरा करायला इंटरनेट हवं. इंटरनेटला नेटवर्कचा ड्रायव्हर हवा. आणि ड्रायव्हर आहे इंटरनेटवर! उपाय सोपा निघाला. अँड्रॉइड फोन केबलने जोडायचा आणि 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं, की फोनच नेटवर्क कार्ड होतो. पुढे डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी उद्गारचिन्हं दिसली तर घाबरू नका. त्या ओळीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'हार्डवेअर आयडी' असतो. त्यात कंपनीच्या जागी ८०८६ दिसलं तर तो भाग इंटेलचा. का? तर इंटेलच्या १९७८च्या गाजलेल्या प्रोसेसरचं नाव ८०८६! असा आयडी बघून मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून नेमका ड्रायव्हर घ्यायचा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' म्हणणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या नादी लागायचं नाही.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. विंडोज एक भाषा बोलतं, तुमचं ग्राफिक्स कार्ड दुसरी. मध्ये हा उभा. पण बरेचसे ड्रायव्हर सिस्टीमच्या अगदी गाभाऱ्यात, म्हणजे कर्नलमध्ये बसतात. साधं अ‍ॅप कोसळलं तर तेवढंच बंद पडतं. गाभाऱ्यातला कोसळला तर सगळं देऊळ खाली. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने त्याचा कर्नलमधला ड्रायव्हर अडखळला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशीन्स आडवी झाली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. आणि आपण एकटे आहोत असं वाटत असेल, तर एप्रिल १९९८ आठवा. शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात खुद्द बिल गेट्स मंचावर असताना विंडोज ९८च्या डेमोत स्कॅनर जोडला, आणि भल्यामोठ्या पडद्यावर ब्लू स्क्रीन आला. सगळं सभागृह हसलं. माझ्या घरात मात्र कोणी हसत नव्हतं.

तर परत त्या शनिवारी. रीस्टार्टच्या आधी एरर स्क्रीन क्षणभर चमकला होता आणि त्यावर ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलचं नाव होतं. झालं, गुन्हेगार सापडला! रात्री बारा ते चार या वेळात मी अकरा गोष्टी केल्या. ग्राफिक्स ड्रायव्हर जुना टाकला, बायोस अपडेट केला, पॉवर सेटिंग बदललं, विंडोजचे अपडेट थांबवले, पंख्यांचा वेग वाढवला... बाकीचं आठवतही नाही. रविवारी सकाळी दोन तास रेंडरिंग चालवलं. एकदम मख्खन! 'झालं बघ', मी कॉलर ताठ करून सांगितलं. ती लॅपटॉप सोडून मशीनवर आली. संध्याकाळी सहा वाजता पुन्हा काळा स्क्रीन.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला. "तू शोधतोयस, की नुसतं काहीतरी करतोयस?"

राव, वर्मावर बसलं. कारण मी खरंच काहीतरी करत होतो. अकरा बदलांपैकी कशाने फरक पडला, पडला की नाही, काहीच सांगता येत नव्हतं. आणि ज्या मशीनला चार तासांनी फेफरं येतं, ते दोन तास चाललं म्हणून बरं झालं असं जाहीर करणं, हा माझा बावळटपणा होता. हे आपण ऑफिसातही करतो. सेल्स पडले की एकदम जाहिरात बदल, किंमत बदल, टीम बदल. महिन्याने आकडे सुधारले तर का सुधारले, कोणाला माहीत? आणि पडले तर पुन्हा सगळं बदल.

त्या रात्री तिने जुन्या लॅपटॉपवर, कमी क्वालिटीची चित्रं काढून, पहाटे साडेपाचला काम संपवलं. सोमवारी सकाळी लाल डोळ्यांनी ठाण्याला गेली. मी शंभर पानी वही काढली. एका बाजूला 'काय बदललं', दुसऱ्या बाजूला 'काय झालं'. नियम एकच: एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर किमान आठ तास रेंडरिंग. आधी आठवतील तेवढे बदल परत जागच्या जागी आणले आणि मग रोज रात्री एक प्रयोग. दुकानाच्या बिलावर माल बदलून द्यायची मुदत होती १५ दिवस. त्यातले आठ गेले होते.

पहिली नोंद: तापमान. रेंडरिंगच्या वेळी प्रोसेसर ७८ अंशांवर, म्हणजे ठीक. निकाल: तरी बंद. दुसरी: ग्राफिक्स ड्रायव्हर सेफ मोडमध्ये जाऊन मुळापासून काढला, नवा टाकला. निकाल: तरी बंद. तिसरी: पॉवरच्या सगळ्या वायरी काढून, खट् आवाज येईपर्यंत पुन्हा बसवल्या. निकाल: तरी बंद. रोज सकाळी इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघत होतो. तिथे 'कर्नल पॉवर ४१' अशी लाल नोंद सापडायची. ती बघून लगेच नवीन पॉवर सप्लाय आणायला धावू नका. मशीन नीट शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं, इतकंच ती सांगते. का झालं, ते नाही.

पण तीन दिवसांच्या नोंदी ओळीने वाचल्यावर एक गोष्ट ठळक दिसली. दर वेळी एरर वेगळा होता! एकदा ग्राफिक्स, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा भलतंच. शेजारीपाजारी प्रत्येकाच्या घरचं पाणी गढूळ येत असेल, तर दोष नळाचा नसतो, टाकीचा असतो. इथली टाकी म्हणजे रॅम. सगळे ड्रायव्हर तिथूनच पाणी पितात. एरर स्क्रीनवर ज्याचं नाव येतं, तो बऱ्याचदा फक्त घटनास्थळी सापडलेला इसम असतो.

चौथी नोंद लिहिताना हात जड झाला. माझ्या रॅमच्या पाकिटावर ६००० लिहिलेलं, पण मदरबोर्डने आपणहून ती ४८००नेच चालवली होती. वरचा वेग हवा तर बायोसमध्ये 'एक्सएमपी' चालू करावं लागतं. ते मी पहिल्याच दिवशी केलं होतं आणि तो आकडा ऑफिसात सगळ्यांना ऐकवलाही होता. म्हणून त्या अकरा गोष्टींत मी त्याला हातच लावला नव्हता. आता बंद केलं. निकाल: बंद पडलं, पण चारऐवजी सात तासांनी. धागा हाती लागला!

पाचवी: मेमटेस्ट८६. पेनड्राइव्हवरून सुरू होतो, विंडोज लागतच नाही, म्हणजे कुठल्याही ड्रायव्हरवर संशय घ्यायला जागा नाही. रात्रभर चालवला. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. सहावी: एकच पट्टी ठेवून टेस्ट. पहिली पट्टी पास. त्याच स्लॉटमध्ये दुसरी, नापास. दुसरी पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, तिथेही नापास. म्हणजे स्लॉट निर्दोष, पट्टीच खराब. रॅमची एक सदोष पट्टी, आणि मी आठवडाभर ड्रायव्हरला शिव्या घालत होतो.

चौदाव्या दिवशी, शनिवारी, पुन्हा ग्रँट रोड. काउंटरवर माझ्या आधीचा गृहस्थ टेबल आपटत होता, "चालतच नाही तुमचा माल!" दुकानदार शांतपणे विचारत होता, "काय काय करून बघितलं?" "सगळं!" असं उत्तर आलं आणि त्याचं मशीन 'चेक करून सांगतो' म्हणून मागे ठेवलं गेलं. माझा नंबर आला. मी काही बोललो नाही, नुसती वही पुढे केली आणि लाल ओळींचा फोटो दाखवला. दुकानदाराने चष्मा लावून सहाही नोंदी वाचल्या. म्हणाला, "दोन्ही पट्ट्या द्या, जोडीच बदलावी लागते." दहा मिनिटांत नवी जोडी. वर चहा! 'तुम्ही हार्डवेअरमध्ये आहात का?' असंही त्याने विचारलं. मी एक्सेलचं काही बोललो नाही.

नव्या जोडीवर मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ. एक्सएमपी चालू करून पुन्हा एक रात्र, तीही स्वच्छ. मगच बायकोला म्हणालो, "बसून बघतेस का?" 'झालं बघ' म्हणायची हिंमत उरली नव्हती. ती बसली. जुना लॅपटॉप मात्र आजही शेजारी चार्जिंगला असतो. मशीनवरचा विश्वास एका रीस्टार्टमध्ये जातो, पण यायला बरेच दिवस लागतात. नवऱ्यावरच्या विश्वासाचंही तसंच असावं.

हो, ठाण्याचा क्लायंट मिळाला. कमी क्वालिटीच्या चित्रांवरच. परवा वही चाळताना सहाव्या नोंदीखाली तिच्या अक्षरात सातवी दिसली.

काय बदललं: नवऱ्याने मॅन्युअल वाचलं. काय झालं: आठ तास टिकलं तर कळवते.