पाहायला जायचंय, एवढंच!

बाई घराबाहेर पडली की "कुठे निघालीस?" हा प्रश्न येतोच, आणि उत्तर तिच्याकडे तयार असावं लागतं. माहेरी. दवाखान्यात. लग्नाला. देवाला. बचत गटाच्या मीटिंगला. वावरात. ही सगळी उत्तरं चालतात, कारण प्रत्येकात दुसऱ्या कुणाचं तरी काम, नाहीतर घराचं भलं दडलेलं असतं. "गाव पाहायला चालले" हे उत्तर मात्र चालत नाही. घरातला पुरुष "जरा वाशीमला जाऊन येतो" म्हणाला, तर त्याला कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

महाराष्ट्र सरकारने १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.चं अर्धं तिकीट केलं. ७५ वर्षांवरच्यांना तर ऑगस्ट २०२२ पासूनच तिकीट लागत नाही. तेव्हापासून रिसोड, मंगरूळपीर, कारंजा, कुठल्याही स्टँडवर उभं राहा, एक वाक्य कानावर पडतं : "आता बाया उगाच फिरायला लागल्या." गर्दीची तक्रार असेल तर ती गाड्या वाढवून सुटेल. पण इथे तक्रार गर्दीची नसते. ती त्या 'उगाच'ची असते. बाई कामाशिवाय बाहेर पडली, याचा तो राग आहे.

माझं म्हणणं असं, की हे 'उगाच' फिरणं हा बाईचा हक्क आहे आणि आपल्या संघटनांनी तो उघडपणे मागायला हवा.

यावर आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतील : जिल्ह्यात सोयाबीनला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे, दारू आहे, तांडेच्या तांडे ऊसतोडीला जातात, आणि तुम्ही सहलीचं काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. ऊसतोडीला जाणारी बाई शेकडो मैल प्रवास करते, पण तिने पाहिलेलं असतं काय? फड आणि कोपी. म्हणजे प्रवास घडतो, पाहणं घडत नाही. शिबिराला आलेल्या बायांना विचारा, काय लक्षात राहिलं? भाषणापेक्षा "पहिल्यांदा घराबाहेर निवांत झोपले" हेच त्या आधी सांगतात. परक्या गावात रस्ता विचारणं, आपले पैसे आपण मोजून देणं, कुठे जेवायचं ते ठरवणं, या गोष्टी जिने केल्या तिला तहसील कचेरीची किंवा पोलीस ठाण्याची पायरी तेवढी उंच वाटत नाही.

पण एवढा फायदा सांगून मी थांबणार नाही. फायदा दाखवायचा आणि मग परवानगी मिळवायची, ही आपली जुनी सवय आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या त्या डॉक्टर होण्यासाठी. पंडिता रमाबाई त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या त्याही शिक्षणासाठी. समुद्र ओलांडायला कारण समुद्राएवढंच मोठं लागत होतं. तरी रमाबाईंनी पुढे अमेरिकेत गेल्यावर डोळे मिटून घेतले नाहीत. तिथल्या बायका काय शिकतात, संस्था कशा चालवतात, हे पाहून त्यांनी १८८९ साली पुस्तक लिहिलं. ज्या कामाला गेल्या ते तर केलंच, पण पाहण्याचा हक्कही त्यांनी वसूल केला. आज निदान तालुक्याच्या गावापर्यंत जायला तरी "मला पाहायचं आहे" एवढं कारण पुरेसं असलं पाहिजे.

दुसरा प्रश्न, काय पाहायचं आणि ते कोण ठरवणार?

मुंबई-पुण्याहून हल्ली फक्त बायकांच्या सहली युरोपात जातात. ज्यांना परवडतं त्या जातात, त्यात वावगं काही नाही. अशा सहलीत एखादी लहानशी राजधानी दीड दिवसात उरकतात. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन घ्या. तिथे समुद्रकाठी खडकावर जलपरीचा पुतळा बसवला आहे, १९१३ सालचा. प्रत्येक प्रवाशाला तो दाखवतात. गोष्टीतली ही जलपरी राजपुत्रासाठी पाय मिळावेत म्हणून आपला आवाज देऊन टाकते. १९६४ साली कुणीतरी या पुतळ्याचं मुंडकं करवतीने कापून नेलं होतं. मुकी झालेली, मुंडकं उडवलेली बाई ही त्या शहराची खूण, आणि आपण तिच्याजवळ उभ्या राहून फोटो काढून घेणार.

त्याच शहरात याग्टवाय रस्त्यावर ६९ नंबरचं एक घर होतं, कामगारांनी उभारलेलं. तिथे १९१० साली समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि क्लारा झेटकिन व त्यांच्या सोबतिणींनी मांडलेला महिला दिनाचा ठराव मंजूर झाला. आपण दरवर्षी ८ मार्चला जो मोर्चा काढतो त्याचं मूळ त्या ठरावात आहे. ते घर २००७ साली पाडून टाकलं. सहलीच्या यादीत ते नव्हतंच. आपण स्वतः यादी केली नाही, तर आपल्याला जलपरीच दाखवली जाईल.

आता राजधानी पाहायला युरोपच गाठायला हवा असं नाही. वाशीम हीसुद्धा एके काळी राजधानी होती. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. चौथ्या-पाचव्या शतकात इथून राज्य चालत होतं. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा इथल्याच हरिषेण राजाचा मंत्री. त्या काळचा वाडा आज उभा नाही. वाशीमला येणारी बाई बालाजीचं दर्शन घेते, पद्मतीर्थावर जाते आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरते. राजधानीची गोष्ट तिला कुणी सांगत नाही.

सांगण्यासारखं तर खूप आहे. राजशेखराच्या 'काव्यमीमांसा' या संस्कृत ग्रंथात एक कथा आहे. साहित्यविद्या नावाची स्त्री काव्यपुरुषाच्या मागे देशोदेशी हिंडते, मुलखामुलखाचे पोशाख आणि चालीरीती तिच्याबरोबर बदलत जातात, आणि शेवटी विदर्भात वत्सगुल्मालाच त्यांचं लग्न लागतं. हिंडलेली बाई या गावच्या कथेतच आहे! बायकाही कवी होऊ शकतात, असं हाच ग्रंथकार स्पष्ट सांगतो.

वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेत, रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, प्रभावतीगुप्ता राणीने मुलगा लहान असताना स्वतः कारभार पाहिला. तिच्या ताम्रपटात वंशावळ आहे ती तिच्या माहेरची, आणि गोत्रही वडिलांचंच. तर खुद्द वाशीमला १९३९ साली सापडलेल्या ताम्रपटात राजाने गावाचं दान दिलं ते ब्राह्मण पुरुषांना. हा ताम्रपट समजावून सांगताना सातबाऱ्यावर आज कुणाचं नाव आहे, हा प्रश्न आपोआप निघेल. त्यासाठी वेगळं भाषण ठेवायला नको.

म्हणून सुचवते. प्रत्येक गटाने वर्षातून एक दिवस फक्त पाहण्यासाठी ठेवावा. निंदण आणि सोंगणी यांच्यामधला, नाहीतर संक्रांतीनंतरचा. यादी आपण करावी. गावातली एखादी शिक्षिका किंवा कॉलेजातली मुलगी इतिहास वाचून सांगेल. त्या दिवशी सभा नाही, ठराव नाही, कुणाला घरून डबे आणायला लावायचे नाहीत. एकटी, विधवा, सोडलेली, अशा बायांना आधी विचारायचं, कारण त्यांच्या फिरण्यावर गावाचा डोळा जास्त असतो. म्हातारीला तर तिकीटच नाही, तिला मागे ठेवायचं कारण उरत नाही.

आणि मागण्याही करायच्या. अर्ध्या तिकिटाने गाडीत बसता येतं, पण स्टँडवरचं संडास स्वच्छ आणि उघडं नसेल तर बाई सकाळपासून पाणी पीत नाही. गावाची शेवटची गाडी लवकर सुटत असेल तर पाहणं अर्धंच राहतं. मुक्काम करायचा झाला तर बाईला एकटीला खोली देताना "सोबत कोण?" असं विचारलं जातं. हे तिन्ही प्रश्न आगार व्यवस्थापकाकडे, नगरपालिकेकडे लेखी द्यायचे आहेत. घरच्या परवानगीचा चौथा प्रश्न मात्र अर्ज करून सुटणारा नाही. तो दहा जणी मिळून निघाल्या तरच सुटेल.

ज्या गटांनी अशी सहल काढली असेल त्यांनी खर्च किती आला, अडचण काय आली, घरचे काय म्हणाले, हे लिहून पाठवावं. पुढच्या अंकात त्यावर बोलू.