चाळीतला सडका कांदा आणि डोक्याचा मार



लोणंदच्या बाजारात कांदा नेणाऱ्याला चाळीचे शास्त्र सांगायला नको. एक कांदा सडला की त्याचे पाणी शेजारच्यांना लागते. म्हणून आपण चाळ वरचेवर निवडतो. अशीच निवड आपल्या मेंदूतही रोज चालू असते. डोक्याला मार लागला की तिचे मोल कळते.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. पण प्राणवायू तो एकटा सुमारे २० टक्के वापरतो. त्याच्या पेशींत शक्ती तयार करणारी बारीक केंद्रे असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. ट्रॅक्टरवरून पडले, बैलाने उडवले, मोटारसायकल घसरली, तर मार क्षणाचा असतो. पण आतले नुकसान पुढे तासन्‌तास, कधी कित्येक दिवस वाढत राहते. पेशीत कॅल्शियम नको तितके शिरते, ही केंद्रे फुगतात, फुटतात आणि त्यांतून गळणारे घातक पदार्थ आसपासच्या चांगल्या भागालाही बाधतात.

त्यावर पेशीजवळ उपाय आहे. ‘पिंक-१’ आणि ‘पार्किन’ ही प्रथिने बिघडलेल्या केंद्रावर खूण करतात. मग त्याभोवती पिशवी तयार होते, आतला माल विरघळतो आणि पुन्हा वापरात येतो. उकिरड्यावरच्या कचऱ्याचे खत व्हावे तसा. याला मायटोफॅजी म्हणतात. पेशी आपलाच कचरा कसा पचवते, हे जपानच्या योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टवर प्रयोग करून उलगडले. त्यांना २०१६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ही सफाई वाढवली तर मार लागलेला मेंदू सावरतो, असे प्राण्यांवरील काही प्रयोगांत दिसले आहे. पण निवडताना चांगला कांदाही फेकला तर चाळ रिकामी होते. तशी अति सफाईही घातक ठरू शकते. माणसासाठी असे औषध अजून सिद्ध झालेले नाही. तेव्हा ‘मेंदू साफ करणारे’ औषध कोणी विकू लागला तर पैसे घालवू नका.

आपल्या हाती आहे ते एवढे:

१. माणूस बेशुद्ध पडला तर कांदा फोडून नाकाला लावत बसू नका, तोंडात पाणी घालू नका. मान हलू न देता १०८ ला फोन करा.

२. शुद्धीवर असला तरी डॉक्टरांना दाखवा आणि निदान २४ तास एकटा सोडू नका. वारंवार उलटी, वाढती गुंगी, झटके, बोबडी वळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, यांतले काहीही दिसले तर ताबडतोब मोठे रुग्णालय गाठा.

३. डॉक्टर सांगेपर्यंत ट्रॅक्टर, मोटारसायकल, झाडावर चढणे बंद. दारू तर नाहीच. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो फार महागात पडतो.

“मला काही झाले नाही” म्हणत दुसऱ्या दिवशी कामावर निघणारा गडी घरोघरी असतो. काढणी चार दिवस लांबली तर भरून काढता येते. घरातल्यांनी त्याला हक्काने घरी बसवावे. आणि गाडीवर बसताना हेल्मेट विसरू नये.