सालईचा डिंक आणि पुण्याची चाचणी

त्र्यंबकेश्वरच्या परिसरात ओढ्याकाठी निर्गुडी सहज वाढते. तिच्या पाल्याने सुजलेले सांधे शेकण्याची रीत जुनीच. आमवातात मात्र शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, तिथे नुसत्या शेकाने भागत नाही. सालईच्या डिंकातील बोस्वेलिक आम्ले दाह वाढवणाऱ्या एका विकराला रोखतात. हळदीतील कुर्क्युमिनही दाहाचे संकेत दाबते. हे झाले प्रयोगशाळेतले. पोटात गेलेले कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे उतरते.

रुग्णांवरची कसोटी पुण्यात लागली. डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी अश्वगंधा, सालई, सुंठ व हळद यांचे मिश्रण १८२ आमवातग्रस्तांत १६ आठवडे तपासले. निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के सुधारले, औषधहीन गोळी घेणाऱ्यांपैकी ३०. फरक संख्याशास्त्रात टिकला नाही. चाचणी फसली, असे म्हणणे मात्र चुकीचे. तुलनेचा गट नसता तर ३९ टक्क्यांचाच डंका पिटला गेला असता.

म्हणूनच आमवातावरचे मेथोट्रेक्सेट हे औषध परस्पर बंद करून अशा वनौषधींच्या पुडीवर विसंबणे धोक्याचे. ठणका कमी वाटला तरी आत हाडाची झीज चालू राहू शकते, आणि झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.