जाळे कापणाऱ्याचा हिशेब

दिवाळीत घरोघरी दागिन्यांच्या डब्या उघडतात. त्यांत मंगळाच्या धाकाने घेतलेली एखादी पोवळ्याची अंगठी हमखास असते. त्या पोवळ्याचे भाऊबंद, म्हणजे प्रवाळ, मालवणच्या पाण्यात जिवंत आहेत हे अंगठीवाल्याच्या गावीही नसते. सरकारला मात्र ते ठाऊक होते. १९८७ साली तिथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा टापू सागरी अभयारण्य झाला. पण ज्यांची चूल त्या पाण्यावर पेटते त्यांना विश्वासात घ्यायचे राहून गेले, आणि मालवणचा मच्छीमार कित्येक वर्षे त्या अभयारण्याकडे वैऱ्यासारखा पाहत राहिला. आम्ही दोष कागद काढणाऱ्याला देतो.

शहाणपण उशिरा आले. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने ठरवले की, जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क अडकले, तर कोळ्याने जाळे कापून त्याला सोडावे आणि २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी. जाळे कापणे म्हणजे काय, हे फराळाच्या ताटाशी बसून कळायचे नाही. एका जाळ्याच्या डागडुजीला सगळे घर बसते. ते भर समुद्रात आपल्याच हाताने कापायचे, वर आतली मासळीही घालवायची! तरी आमच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी जाळी कापली. जखमी कासवांसाठी डहाणूत वनखाते आणि गावची प्राणिप्रेमी मंडळी मिळून शुश्रूषा केंद्र चालवतात. याला आम्ही भागीदारी म्हणतो.

आता त्याच डहाणूचा दुसरा हिशेब पाहा. १९९१ साली केंद्राने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आले आणि १९९८ साली त्याने वाढवण बंदर नाकारले. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने, अर्थात धर्माधिकारींच्या पश्चात, परवानगी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. खर्च ७६,२२० कोटी. समुद्रात भराव १,४४८ हेक्टर.

कोणी म्हणेल, किनाऱ्याजवळ एवढे खोल पाणी दुसरीकडे कुठे मिळणार? पोरांना नोकऱ्या नकोत काय? प्रश्न खोटा नाही. पण एका कासवापायी फाटलेल्या जाळ्याची किंमत ज्या सरकारला ठरवता आली, त्याला मासळीच्या खडकाची का ठरवता येऊ नये? जनसुनावणी झाली, हे खरे. ऐकून घेणे वेगळे आणि वहीत मांडणे वेगळे. तलासरीच्या झाईपासून वाढवणपर्यंत गावोगावची मासळी कोळ्यांना शेजारी बसवून मोजा, मग दगड टाका. आमचे मागणे एवढेच.

आणि ओहोटीला खडकावर कालवे फोडणारी ती बाई? तिच्या नावावर होडी नाही, जाळेही नाही. भरपाईच्या यादीत तिला कोणत्या रकान्यात लिहिणार?