गाडी आपली, माहिती कुणाची? अमेरिकेतील वाहनदुरुस्तीचे अर्थकारण

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत नव्या मोटारगाडीची सरासरी किंमत प्रथमच ५० हजार डॉलरच्या वर गेली. त्याच वर्षी रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांचे सरासरी वय १२.८ वर्षांवर पोहोचले. या दोन आकड्यांचा परस्परसंबंध उघड आहे. नवी गाडी परवडत नाही म्हणून जुनीच वापरायची, आणि जुनी वापरायची म्हणजे दुरुस्ती आली. न्यू जर्सीच्या उपनगरांपासून डॅलस आणि बे एरियापर्यंत जिथे दोन गाड्यांवाचून संसार चालत नाही, तिथे हा खर्च घरभाडे आणि आरोग्यविम्याच्या पंगतीला येऊन बसला आहे.

बहुतेक जपानी गाड्यांची मूळ वॉरंटी ३ वर्षे किंवा ३६ हजार मैल, इंजिन-गिअरबॉक्सची ५ वर्षे किंवा ६० हजार मैल. म्हणजे सरासरी आयुष्याचा अर्ध्याहून मोठा भाग गाडी मालकाच्या खिशावर चालते. नेमक्या याच टप्प्यावर डीलरचे खरे उत्पन्न सुरू होते. डीलरच्या एकूण उलाढालीत सर्व्हिस आणि सुट्या भागांचा वाटा साधारण एक अष्टमांश, पण ढोबळ नफ्यात तो जवळपास निम्मा असतो. शोरूममधली चकचकीत गाडी हे गिऱ्हाइकाला आत आणण्याचे निमित्त. दुकान चालते ते मागच्या शेडवर.

या शेडचा हिशेब कसा होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बिलातली मजुरी घड्याळावर मोजलेली नसते. प्रत्येक कामासाठी पुस्तकात ठरावीक तास लिहिलेले असतात. पुस्तकात तीन तास असतील आणि कुशल मेकॅनिकने काम दोन तासांत उरकले, तरी गिऱ्हाइकाला तीन तासांचेच पैसे पडतात. मोठ्या शहरांत डीलरचा तासाचा दर दीडशे ते दोनशे डॉलर, आणि आलिशान गाड्यांच्या बाबतीत त्याहूनही चढा. समोर हसतमुखाने बसलेल्या सर्व्हिस ॲडव्हायझरचे उत्पन्नही पुष्कळ ठिकाणी विक्रीच्या टक्केवारीवर अवलंबून असते. त्यामुळे तेल बदलायला गेलेल्या माणसापुढे इंजेक्टरची सफाई, थ्रॉटल बॉडीची सफाई, ब्रेक फ्लुइड बदलणे अशी यादी येते. यातले काहीच खोटे नसते, पण सगळेच त्या दिवशी आवश्यकही नसते. कोणते काम किती मैलांनंतर करायचे, हे उत्पादकाने गाडीबरोबर दिलेल्या पुस्तिकेत लिहिलेले आहे. डीलरने स्वतः छापलेले वेळापत्रक आणि ही पुस्तिका यांत फरक दिसला, तर पुस्तिका प्रमाण मानावी.

‘बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल’ ही धास्ती मराठी घरांतही खोल रुजलेली दिसते. ती निराधार आहे. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार उत्पादकाला आपलाच सुटा भाग किंवा आपलेच गॅरेज वापरण्याची सक्ती करता येत नाही, ती वस्तू वा सेवा तो फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. बाहेरच्या भागामुळे वा कामामुळेच बिघाड झाला, हे दाखवण्याची जबाबदारी कंपनीवर असते. २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर हार्ले-डेव्हिडसनला वॉरंटीची भाषा बदलायला लावली. ग्राहकाने करायचे ते एवढेच, की तेल बदलल्याच्या पावत्या तारीख आणि मैलांसह जपून ठेवायच्या.

मात्र जुन्या कायद्याने दिलेले हे स्वातंत्र्य नव्या तंत्रज्ञानाने आकसत चालले आहे. आजची गाडी म्हणजे चाकांवरचा संगणक. कुठे काय बिघडले, हे ती आधी कंपनीच्या सर्व्हरला कळवते, मालकाला नंतर. ही माहिती वाचण्याची साधने फक्त अधिकृत डीलरकडे राहिली, तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक कितीही हुशार असला तरी हात बांधून उभा राहणार. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये याविरुद्ध प्रचंड बहुमताने कौल दिला आणि २०१४ मध्ये वाहननिर्मात्यांनी तोच करार देशभर लागू करण्याचे मान्य केले. पण त्यात एक फट राहिली. बिनतारी मार्गाने थेट कंपनीकडे जाणारी माहिती त्या करारात आली नव्हती.

ती फट बुजवण्यासाठी २०२० मध्ये त्याच राज्यात पुन्हा मतदान झाले आणि सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी होकार दिला. वाहननिर्मात्यांची संघटना त्याच महिन्यात न्यायालयात गेली. पुढची काही वर्षे कायदा कागदावरच राहिला. किया आणि सुबारू यांनी तर त्या राज्यातल्या नव्या गाड्यांतली बिनतारी सेवाच बंद केली. माहिती मालकाला देण्यापेक्षा सोय काढून घेणे त्यांना सोपे वाटले. जून २०२३ मध्ये केंद्रीय वाहनसुरक्षा यंत्रणेने कंपन्यांना हा कायदा पाळू नका असे कळवले. खुल्या प्रवेशामुळे दूरवरून कोणी गाडीचे नियंत्रण मिळवील, अशी भीती त्यामागे होती. दोनच महिन्यांत त्या यंत्रणेने सूर बदलला आणि ब्लूटूथसारख्या जवळच्या अंतराच्या जोडणीचा मार्ग मान्य केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये मेन राज्यातल्या ८४ टक्के मतदारांनी अशाच कायद्याला पाठिंबा दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बोस्टनच्या संघराज्य न्यायालयात वाहननिर्मात्यांचा दावा फेटाळला गेला; त्यावर त्यांनी अपील केले. देशभर लागू होईल असे ‘रिपेअर ॲक्ट’ विधेयक काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा मांडले जात आहे. सुरक्षिततेचा मुद्दा पूर्णपणे पोकळ नाही. तरीही जी माहिती हजारो डीलरांच्या हाती सुरक्षित राहते, ती गाडीच्या मालकाच्या हाती जाताच धोकादायक कशी ठरते, याचे पटण्याजोगे उत्तर कंपन्यांनी अद्याप दिलेले नाही.

भारतीय वाचकाला हा वाद परका वाटू नये. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारापासून रोखल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. त्यात मुंबईतल्या टाटा मोटर्सचा वाटा सर्वाधिक, सुमारे १,३४६ कोटी. पुढे प्रकरण अपिलात गेले. कंपन्यांची बाजू मात्र तिथेही साधारण हीच होती: सुरक्षितता आणि दर्जा.

२०२५ मध्ये या सगळ्यावर आयातशुल्काचा बोजा चढला. ३ एप्रिलपासून परदेशी गाड्यांवर आणि ३ मेपासून इंजिन, गिअरबॉक्स, विद्युत भाग अशा सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लागू झाले. जपान, युरोपीय संघ आणि दक्षिण कोरिया यांच्यासाठी ते नंतर १५ टक्क्यांवर आले, तरी पूर्वीच्या दरांशी तुलना केली की फरक कळतो. भरीस भर म्हणून किरकोळ ठोकरही आता स्वस्त राहिलेली नाही. समोरच्या काचेमागे कॅमेरा आणि बंपरमध्ये रडार असल्याने काच बदलली तरी कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि त्याचे बिल वेगळे.

या परिस्थितीत खर्च आवरायचा तर डीलरला सरसकट टाळणे शहाणपणाचे नाही. त्याच्याकडे कोणते काम न्यायचे, हे ठरवणे महत्त्वाचे. रिकॉलचे काम तिथेच न्यावे. गाडी पहिल्या विक्रीपासून १५ वर्षांच्या आतली असेल तर ते विनामूल्य करणे उत्पादकावर बंधनकारक आहे, आणि गाडीचा व्हीआयएन क्रमांक केंद्रीय वाहनसुरक्षा यंत्रणेच्या संकेतस्थळावर टाकला की रिकॉल बाकी आहे का ते कळते. तिथेच उत्पादकांनी डीलरांना पाठवलेली तांत्रिक पत्रकेही सापडतात. आपल्या बिघाडाचे वर्णन अशा पत्रकात आढळले, तर वॉरंटी संपल्यानंतरही कंपनीकडे खर्चात वाटा मागता येतो. तो हक्क नव्हे, पण सभ्यपणे आणि कागदासह मागणाऱ्याला तो अनेकदा मिळतो. दुसरी दुर्लक्षित तरतूद कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंजिन नियंत्रणाच्या संगणकाविषयीची. प्रदूषण नियंत्रणाच्या संघराज्य नियमांनुसार या भागांची वॉरंटी ८ वर्षे किंवा ८० हजार मैल चालते. हजारो डॉलरचे बिल भरण्याआधी ही तारीख तपासलेली बरी.

ब्रेक पॅड, बॅटरी, सस्पेन्शन, तेल ही कामे मात्र त्या ब्रँडच्या गाड्या हाताळणाऱ्या स्वतंत्र गॅरेजकडे द्यावीत. मेकॅनिककडे एएसई प्रमाणपत्र आहे का, हे विचारण्यात संकोच नको. सुट्या भागांबाबत एक गोष्ट जाणून घेण्यासारखी आहे: टोयोटाच्या खोक्यातला भाग पुष्कळदा डेन्सो किंवा आयसिनने बनवलेला असतो आणि त्याच निर्मात्याचा भाग त्याच्या स्वतःच्या खोक्यात स्वस्त मिळतो. १९९६ पासूनच्या बहुतेक गाड्यांत ओबीडी-२ जोडणी असते. वीस-तीस डॉलरच्या यंत्राने ‘चेक इंजिन’ दिव्यामागचा कोड घरीच वाचता येतो. कोड म्हणजे निदान नव्हे, पण गॅरेजमध्ये पाऊल टाकण्यापूर्वी बोलणे कशाविषयी होणार, याची कल्पना येते. केबिनचा एअर फिल्टर बहुतेक होंडा-टोयोटांत ग्लव्ह बॉक्समागे असतो आणि दहा मिनिटांत बदलता येतो.

कामाला होकार देण्यापूर्वी अंदाजपत्रक लेखी घ्यावे. कॅलिफोर्नियात ते देणे गॅरेजवर बंधनकारक आहे आणि त्यावरील रकमेसाठी ग्राहकाची संमती लागते. काढलेला जुना भाग परत मागण्याचाही अधिकार तिथे आहे. न्यूयॉर्कमध्येही मागितल्यास दोन्ही मिळतात, मात्र जुन्या भागाची मागणी काम सुरू होण्यापूर्वी लेखी करावी लागते.