जलपर्णीच्या भरवशावर पवना

उन्हाळ्यात पिंपळे सौदागरच्या काठावरून पवना नदी दिसत नाही, जलपर्णीचं रान दिसतं. ते पाहून एक मत हल्ली ठासून मांडलं जातं: जलपर्णी जड धातू शोषते, म्हणजे नदी फुकटात साफ होते, मग ती काढण्यावर खर्च कशाला? काढलीच तर खत करा. उरलंसुरलं समुद्रात विरेल.

यातलं धातू शोषण्यापुरतं खरं आहे, म्हणूनच माणसं फसतात. जलपर्णीचं एखादं रोप उपटून पाहावं. फुगीर देठांखाली पिसांसारखी काळपट मुळं लोंबतात, बोटांना गाळ लागतो. शिसं, कॅडमियम, क्रोमियम मुख्यतः या मुळांतच अडकतात. पण अडकलं म्हणजे संपलं नव्हे. मैला जिवाणू खाऊन संपवतात. क्रोमियम मूलद्रव्य आहे, त्याला कोण संपवणार? रोप कुजलं की धातू परत गाळात आणि पाण्यात. पावसाळ्यात लोंढ्याबरोबर जलपर्णी वाहून गेली की इथला काठ मोकळा होतो खरा, पण तोच माल मुळा, मुळा-मुठा, भीमा या वाटेनं उजनीकडे निघतो. उजनीचं पाणी सोलापूर पितं. याला नदी साफ होणं म्हणणाऱ्यांनी ते एकदा सोलापूरकरांना समजावून सांगावं.

खताचं म्हणाल, तर तपासणीशिवाय केलेलं असं खत म्हणजे नदीतला धातू भाजीच्या वाफ्यात.

समुद्राचा दाखला तर फार जुना. जपानच्या मिनामाता उपसागरातही कारखान्याचा पारा विरेल असंच धरलं होतं. तो मासळीत साठला आणि ती खाणाऱ्यांना जडलेला आजार 1956 साली अधिकृतपणे नोंदला गेला. समुद्रशेवाळही धातू साठवतं. तपकिरी शेवाळातलं अल्जिनेट त्यांना धरून ठेवतं, म्हणून किनाऱ्याचं प्रदूषण जोखायला शेवाळ तपासतात. जपानी हिजिकी शेवाळ आर्सेनिकमुळे खाऊ नका, असं ब्रिटनच्या अन्न यंत्रणेनं 2004 साली बजावलं.

म्हणून धातू अडवायचा तो जिथून निघतो तिथेच, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या प्लेटिंग शॉपच्या धुण्याच्या टाकीपाशीच. क्रोमियमचं पिवळं पाणी आम्लधर्मी करून त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घातलं की ते हिरवट होतं; मग चुन्यानं क्रोमियम तळाशी बसतं. तो गाळ धोकादायक कचऱ्याच्या प्रकल्पातच जावा. लहान शॉपना एकट्याला परवडत नसेल, तर सामायिक प्रक्रिया केंद्र उभारावं. आणि जलपर्णी पसरण्याआधी, हिवाळ्यातच काढावी. मुळांची तपासणी झाल्याशिवाय तिची एक पाटीही खताच्या खड्ड्यात पडू नये.