वाद्यास जात नसते

सॅक्सोफोन हे नृत्यगृहातील उच्छृंखल वाद्य असून अभिजात संगीताशी त्याचा काडीमात्र संबंध नाही, असे मत आपल्या सुशिक्षित वर्गात आजही मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. हे मत मांडणाऱ्या गृहस्थांच्या घरी बहुधा बाजाची पेटी असते. त्या पेटीचे मूळ जे हार्मोनियम, ते व सॅक्सोफोन ही दोन्ही गेल्याच्या आधीच्या शतकात, चारसहा वर्षांच्या अंतराने, एकाच पॅरिस शहरी उदयास आली, हे त्यांच्या गावीही नसते. एकास आम्ही देवघरापर्यंत नेले व दुसऱ्यास उंबऱ्याबाहेर ठेवले. ह्यात संगीतविचार किती आणि सवय किती, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बेल्जियममध्ये 1814 साली जन्मलेल्या अडोल्फ साक्स ह्या कारागिराने 1846 साली ह्या वाद्याचे पेटंट घेतले, तेव्हा जॅझचा जन्मही झाला नव्हता. पितळी वाद्यांचा जोर व लाकडी सुषिर वाद्यांचे मार्दव एकत्र आणावे, हा त्याचा हेतू. म्हणूनच देह पितळेचा असूनही, वेताच्या पातळ पट्टीच्या कंपनाने बोलणाऱ्या ह्या वाद्याची गणना लाकडी वाद्यांतच होते. बर्लिओझने 1842 सालीच त्याची मुक्तकंठाने स्तुती केली. बिझेने 1872 साली 'लार्लेझिएन' ह्या नाटकाच्या संगीतात त्यास स्थान दिले. राव्हेलने 'बोलेरो'त (1928) त्याचा उपयोग केला. ग्लाझुनोव्हने 1934 साली त्यासाठी स्वतंत्र कन्चेर्टो रचला. कुळ विचारणारांनी आधी ही वंशावळ वाचावी.

पण कुळावरूनच थोरवी ठरवावयाची, तर आमच्यात व आक्षेपकांत भेद तो काय उरला? सॅक्सोफोनास स्वतःची वाणी मिळाली ती अमेरिकेतील कृष्णवर्णीय वादकांच्या हाती. कोलमन हॉकिन्सने 1939 साली एक लोकप्रिय चाल घेतली, तिची जेमतेम ओळख करून दिली, आणि उरलेला सारा वेळ तिच्या आधाराने नवे स्वरवाक्य रचण्यात घालविला. बंदिशीचा मुखडा दाखवून विस्तारास लागणाऱ्या गवयाची रीत ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्यात परके काय वाटावे? जॉन कोल्ट्रेनने तर 1964 साली ध्वनिमुद्रित केलेली 'अ लव्ह सुप्रीम' ही कृती ईश्वरचरणीच वाहिली. वाद्याच्या तिरस्कारामागे पुष्कळदा माणसाचा तिरस्कार दडलेला असतो. 1938 साली ड्यूसेलडॉर्फ येथे नाझींच्या राजवटीत 'अधःपतित संगीता'चे प्रदर्शन भरले, त्याच्या भित्तिपत्रकावर विद्रूप केलेला कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादकच होता.

कोणी म्हणतील, आपल्या चित्रपटांत हे वाद्य मद्य व मोह ह्यांच्याच प्रसंगी वाजते. हे बऱ्याच अंशी खरे आहे. पण दोष ठरीव प्रसंग योजणारांचा. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत मनोहारी सिंग ह्यांच्यासारख्या वादकाने ह्याच वाद्यातून आर्तता व प्रसन्नताही काढून दाखविली. कोठीवर वाजते म्हणून सारंगीही एके काळी अशीच हिणविली जात होती. रामनारायणांनी तिला एकल मैफलीचे आसन मिळवून दिले, तेव्हा सारंगी बदलली नव्हती, ऐकणारे बदलले होते.

अखेरचा आक्षेप असा की, कळा दाबून वाजवावयाच्या ह्या वाद्यातून मींड व गमक निघणे अशक्य. ह्याचे उत्तर कद्री गोपालनाथ (1949–2019) ह्यांनी दिले आहे. नागस्वरवादकाच्या ह्या पुत्राने वाद्यात फेरफार करून, श्वास व ओठ ह्यांच्या साधनेने, त्यावर कर्नाटक संगीत सिद्ध केले. 1994 साली लंडनच्या प्रॉम्समध्ये ते वाजविले.

तेव्हा ज्यांस आक्षेप घ्यावयाचा असेल त्यांनी तो जरूर घ्यावा. मात्र सूर कोठे ढळला, लय कोठे तुटली, हे दाखवून घ्यावा. वाद्य कोणत्या घरचे, हा प्रश्न संगीतसभेत विचारावयाचा नसतो.